माशाची ओळ निळीच

बारकीने अंधार पडल्यावर स्कूटर चालवणं का सोडलं, हा किडा आईच्या डोक्यातून जाता जात नव्हता. "रस्ते खराब आहेत," म्हणे. रस्ते काय काल खराब झाले?

बारकी प्रयोगशाळेत कामाला होती. इंटरनेटवर जनुकांचे मोठाले साठे असतात; एकच जनुक वेगवेगळ्या प्राण्यांत कसं आहे, ते तिथे शोधायचं. आई बीएस्सी झालेली, तेवढं तिला कळायचं. "माझं सगळं काम झेब्रा माशांवर," बारकी सांगायची. "मग एखादा घरी आण, मांजर तरी खूश होईल," आई चिडवायची.

रविवारी बारकी घरी आली, तासभर कॉम्प्युटरला चिकटून बसली. मधेच मान वर न करता म्हणाली, "आई, बाबांच्या डोळ्यांना नक्की कोणतं औषध बाधलं गं?"

"एवढं जुनं आता कुठे आठवतंय! तू काय बघतेयस?"

"मासेच. दुसरं काय."

आज दुपारी गॅस नोंदवायला आईने कॉम्प्युटर उघडला, तर ते पान तसंच. एका जनुकाखाली यादी: माणूस, उंदीर, कोंबडी, झेब्रा मासा. उघडून पाहिलेली ओळ जांभळी होते, बाकीच्या निळ्या राहतात. माशाची ओळ निळीच होती. जांभळी एकच, माणसाची.

आईने ती उघडली. आत आजाराचं नाव होतं. बाबांच्या फाइलवर होतं तेच.

कार्टी लपवतेय!

"माउसची टकटक थांबली," पलीकडून बाबा म्हणाले. बारा वर्षांपूर्वी त्यांना आधी रात्रीचं दिसेना, मग दिवसाचंही. "काय झालं?"

"काही नाही."

"तुझं 'काही नाही' मला इथून दिसतं."

आईने स्कूटरचं सांगितलं, मग पानाचं. आजार घराण्यातून येतो, मुलीलाही तपासा, असं डॉक्टरांनी तेव्हाच बजावलं होतं. पोर घाबरेल म्हणून दोघांनी मिळून ते औषधाचं नाव पुढे केलं होतं.

"तिला विचारतेस?" बाबांनी विचारलं.

"कोणत्या तोंडाने विचारू?" आईने कपाटातून ती जुनी फाइल काढली, डॉक्टरांची चिठ्ठी वर ठेवली. आधी तिला ही वाचून दाखवायची. स्कूटरचं मग.

तिने फोन हातात घेतला.