चौकीदाराबद्दलचं एक वाक्य

आमचा दादा दुकानात असतो, पण मनाने दुकानात असेलच असं नाही. गिऱ्हाईक खुर्चीवर बसून तक्त्यावरची अक्षरं वाचत असतं, मी समोर उभी राहून "आता बरं दिसतंय की आधी?" विचारत असते, आणि मागच्या बाकावर चष्म्याच्या काचेची कड घासता घासता दादा कुठल्यातरी मिठाच्या तळ्याकाठी पोचलेला असतो. हाक मारली की आधी त्याचे डोळे परत येतात, मग मान, आणि बऱ्याच वेळाने उत्तर. तीस वर्षं आम्ही भाऊ-बहीण हे चष्म्याचं दुकान चालवतोय. तीस वर्षांत त्याने एकही काच चुकीच्या नंबराची बसवली नाही, हे मी आधीच कबूल करून टाकते. पुढे त्याच्याबद्दल बरंच काही बोलायचं आहे.

दुपारी एक ते चार दुकान बंद. शटर अर्धं खाली ओढलं की रस्त्यावरचा उजेड फरशीवरून आत येतो, कपाटातले चष्मे खालून उजळतात, आणि जाणाऱ्या-येणाऱ्यांचे नुसते पाय दिसतात. अशा वेळी शहाणी माणसं झोपतात. दादा संगणक लावतो आणि ज्ञानकोशात शिरतो. इंटरनेटवरचा तो ज्ञानकोश, ज्यात कोणीही लिहावं आणि कोणीही खोडावं. पंधरा वर्षांपूर्वी 'भिंग' हे नाव घेऊन तो त्यात गेला, तो अजून बाहेर आलेला नाही. दीपगृहं, मुंग्या, बंद पडलेले रेल्वेमार्ग, काय नाही लिहिलं त्याने. लग्न तेवढं राहून गेलं.

मी भिंतीला टेकून पाय पसरून बसते. अर्धवट झोपेत त्याच्या बोटांची टकटक ऐकू येते, मधेच तो काही मोठ्याने वाचतो आणि ते माझ्या स्वप्नात शिरतं. एकदा मी स्वप्नात दीपगृहाच्या पायऱ्या चढत होते. वर दादा दिव्याची काच पुसत बसला होता. मला म्हणाला, चिमे, संदर्भ आणलास का? चौपन्नाव्या वर्षीही मी त्याची चिमीच आहे.

संदर्भ म्हणजे त्याचा जीव की प्राण. ज्ञानकोशात जे लिहाल ते आधी कुठेतरी छापून आलेलं असलं पाहिजे, आणि कुठे ते खाली सांगितलं पाहिजे. तुम्ही स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलंत, त्याला किंमत नाही. "मग डोळे तपासायचे कशाला?" असं मी त्याला एकदा विचारलं होतं. तो हसला, आणि पुन्हा कोणाचं तरी बिनसंदर्भाचं वाक्य उडवायला लागला. नवीन लोक त्याला घाबरून असत. घरी झुरळ दिसलं तर मला हाक मारणारा माणूस!

आता त्या लेखाकडे येते. आमच्या शहराच्या मधून नदी जाते. पलीकडच्या काठावरच्या लोकांची भाषा वेगळी, गाणी वेगळी, संख्या थोडी. आम्ही त्यांना 'पलीकडचे' म्हणतो. ते आम्हाला काय म्हणतात, हे विचारायचं मला कधी सुचलं नाही. बावीस वर्षांपूर्वी त्यांच्या भाषेतल्या शाळा बंद झाल्या, तेव्हा ते हजारोंनी पूल ओलांडून अलीकडे यायला निघाले. पुलाच्या आमच्या टोकाला लोखंडी फाटक होतं. ते बंद होतं असं सगळे सांगतात. मागून लोक येत राहिले, पुढच्यांना जायला जागा उरली नाही, आणि अकरा माणसं चेंगरून गेली. मग चार दिवस दोन्ही काठांवर जाळपोळ चालली. आमच्या दुकानाची काच फुटली तेवढंच. आम्हाला काही झालं नाही.

ज्ञानकोशात या सगळ्यावर एक लेख आहे, आणि लेखापेक्षा त्याचं चर्चा पान दसपट लांब आहे. लेख लिहिणारे तिथे भांडतात. दंगल म्हणायचं की आंदोलन, यावर तीन आठवडे गेले. एकाने पलीकडच्यांच्या शाळांबद्दलचा सगळा परिच्छेद उडवला, दुसऱ्याने परत आणला, असं सतरा वेळा झालं. दादा दोन्हीकडच्यांना नियम दाखवायचा आणि दोन्हीकडच्या शिव्या खायचा. मला वाटतं ते त्याला आवडायचं.

त्या लेखात एक वाक्य होतं: 'पुलाचे फाटक चौकीदाराने बंद केले होते.' हा चौकीदार पलीकडचाच माणूस. म्हणजे आपल्याच लोकांच्या तोंडावर त्याने फाटक लावलं. वाक्याखाली दोन संदर्भ होते. एक बारा वर्षांपूर्वीचा, दहा वर्षं झाल्याच्या निमित्ताने वर्तमानपत्रात आलेला लेख, आणि एक त्यानंतर तीन वर्षांनी आलेलं प्राध्यापकांचं पुस्तक.

दीड वर्षापूर्वी 'पायरी' नावाच्या कोणीतरी ते वाक्य काढलं. दादाने परत टाकलं. पायरीने पुन्हा काढलं. दादाने विचारलं, का काढता? पायरीने लिहिलं, कारण ते खोटं आहे. दादाने लिहिलं, संदर्भ द्या. असं बरेच महिने चाललं. मला ती दोघं पत्र्यावर पडणाऱ्या पाण्यासारखी ऐकू यायची, झोपेत, सुरात. एके दिवशी टकटक थांबली म्हणून मी डोळे उघडले. दादा पडद्याकडे बघत होता. पायरीने लिहिलं होतं:

'ते माझे वडील आहेत. एक्याऐंशी वर्षांचे आहेत. तुमच्या लेखातलं हे वाक्य वर्तमानपत्रात आल्यापासून, बारा वर्षं झाली, आमच्या वस्तीत त्यांच्याशी कोणी बोलत नाही. ते जिवंत आहेत तोवर हे वाक्य काढा.'

दादाने उत्तर लिहिलं. मी वाचलं ते, म्हणून सांगते. त्याने लिहिलं, 'आपल्या दुःखाबद्दल सहानुभूती आहे. मात्र लेखाच्या विषयाशी नातं असलेल्यांनी लेखात बदल करू नयेत असा नियम आहे.' मला त्या दिवशी त्याचा खरंच राग आला. मी म्हटलं, एक वाक्य काढलंस तर कोणाचं काय बिघडणार आहे? तो म्हणाला, दोन संदर्भ आहेत, चिमे. मी त्याच्याशी चार वाजेपर्यंत बोलले नाही, आणि चारनंतर गिऱ्हाइकांपुरतीच बोलले.

पण पायरीच्या लिहिण्यातला एक शब्द त्याला टोचत राहिला. 'तुमच्या लेखातलं' वाक्य वर्तमानपत्रात आलं, असं चौकीदाराची ही मुलगी म्हणत होती. उलटं आहे, दादा म्हणाला, वर्तमानपत्रातलं आमच्या लेखात आलंय. ती चुकते आहे हे दाखवायला तो लेखाचा इतिहास उघडून बसला. ज्ञानकोशात प्रत्येक बदल जपून ठेवलेला असतो, कोणी केला, कधी केला. त्या लेखाचे चार हजार बदल होते. दादा रोज दुपारी मागे मागे जात राहिला. आठ वर्षांपूर्वी त्या वाक्याला पुस्तकाचा आणि वर्तमानपत्राचा संदर्भ कोणी जोडला, ते सापडलं. भिंग. त्याला आनंद झाला, काम नीट केलंय म्हणून. तो आणखी मागे गेला. वाक्य त्याही आधी होतं, संदर्भाशिवाय. वर्तमानपत्रातला लेख यायच्या आधी तीन वर्षं ते तिथे होतं. आणि ते पहिल्यांदा लिहिणारा सदस्यही भिंगच होता.

दादाने मला बोलावलं नाही. मीच उठून पाहिलं.

मग हळूहळू त्याला आठवलं. ज्ञानकोशात तो नवा होता, तेव्हा कोणी संदर्भ विचारत नसे. एक गिऱ्हाईक याच खुर्चीवर बसलं होतं, नाकावर चाचणीचा जाड चष्मा, आणि अक्षरं वाचता वाचता म्हणालं होतं की फाटक चौकीदारानेच लावलं असणार, दुसरं कोण लावणार? दादा तेव्हा कुठल्या तळ्याकाठी होता कोण जाणे. दुपारी त्याने ते लिहून टाकलं. 'असणार' वाटेत कुठेतरी गळून पडलं. वर्तमानपत्राने ज्ञानकोशातून उचललं, प्राध्यापकांनी वर्तमानपत्रातून, आणि दादाने दोघांनाही साक्षीला उभं करून स्वतःचंच वाक्य पक्कं केलं. ते आपलं आहे हे विसरून.

"गप्प बस," मी म्हटलं. "चार हजार बदल कोण चाळतंय? वाक्य हळूच काढ आणि गप्प बस."

हे मी बोलले. आधी त्याला दगडाच्या काळजाचा म्हणणारी मीच. माझा दादा त्या जगात कोणीतरी होता, आणि त्याचं नाक कापलेलं मला बघवणार नव्हतं. आज लिहितानाही मला माझ्या त्या बोलण्याची लाज वाटते.

त्याने ऐकलं नाही. चर्चा पानावर सगळं लिहिलं, तारखांसकट, आणि वाक्य काढून टाकलं. दुसऱ्या दिवशी ते परत आलेलं होतं. प्रचालक म्हणून जो तिथला देखरेख करणारा असतो, त्याने परत आणलं होतं. खाली लिहिलं होतं, 'वाक्याला दोन छापील संदर्भ आहेत. सदस्याची स्वतःची आठवण हा पुरावा धरता येत नाही.' दादाने हे मला वाचून दाखवलं. आवाज अगदी साधा होता. बरोबर आहे त्याचं, असंही म्हणाला.

मग जो माणूस दुधाच्या दुकानात जायला कंटाळतो, तो वर्तमानपत्राच्या कचेरीत जायला लागला. तिथली संपादकबाई त्याच्या मुलीच्या वयाची, म्हणजे मुलगी असती तर. पहिल्यांदा तिने त्याला बसवून ठेवलं, दुसऱ्यांदा बारा वर्षांपूर्वीचं आपल्याला काही माहीत नाही म्हणाली. तिसऱ्यांदा दादा इतिहासाची चाळीस पानं छापून घेऊन गेला आणि दारातच उभा राहिला. प्राध्यापकांना त्याने पाच पत्रं लिहिली. त्यांचं उत्तर अजून यायचं आहे. त्या दिवसांत तो काच घासताना कुठे जात नव्हता. पहिल्या हाकेला ओ देत होता, आणि मला ते बघवत नव्हतं.

शेवटी आतल्या पानावर, चूकदुरुस्तीच्या चौकटीत चार ओळी आल्या. चौकीदाराने फाटक बंद केल्याच्या विधानाला आधार नव्हता, ते ज्ञानकोशातून घेतलं होतं, आणि तिथे ते दादाने ऐकीव माहितीवरून लिहिलं होतं. त्याचं पूर्ण नाव, दुकानाच्या पत्त्यासकट. ते त्यानेच छापायला सांगितलं होतं. छापून आल्यामुळे त्या चार ओळी आता संदर्भ झाल्या. प्रचालकाने वाक्य काढलं. पायरीने चर्चा पानावर एवढंच लिहिलं, की कात्रण घेऊन मी घरोघर फिरते आहे.

पुढच्या आठवड्यात दादा म्हणाला, चल. कुठे, हे मी विचारलं नाही. शटर ओढून दुपारी आम्ही पुलावर गेलो. वीस वर्षांत मी त्यावर पाय ठेवला नव्हता. फाटक केव्हाच काढून नेलेलं, दोन खांब तेवढे उभे. नदीवर ऊन इतकं पसरलं होतं की पलीकडचा काठ पाण्यावर तरंगत आल्यासारखा दिसत होता, आणि मला वाटलं आपण अजून भिंतीला टेकूनच बसलो आहोत. तिथली पोरं वेगळ्या भाषेत ओरडत होती. चौकीदाराचं घर विचारत आम्ही एका चिंचोळ्या गल्लीत शिरलो. तिसऱ्या घरापुढे बाकावर दोन म्हातारे बसले होते. एक बोलत होता, दुसरा ऐकत होता. ऐकणारे चौकीदार. बोलणारा शेजारी, बारा वर्षांनी त्या बाकावर बसलेला, हे पायरीने नंतर सांगितलं. ती शाळेत शिपाई आहे, चाळिशीची, दादाहून उंच. तिने आम्हाला या म्हटलं नाही, जा पण म्हटलं नाही. आतून दोन खुर्च्या आणून ठेवल्या.

दादाने खाली बघत सांगून टाकलं, की ते वाक्य मी लिहिलं होतं. मग खिशातून लेखाचं नवं पान काढून वाचून दाखवलं. चौकीदारांना आमची भाषा चांगली येत होती. सव्वीस वर्षं आमच्या टोकाला नोकरी केलेली. ते शेवटपर्यंत ऐकत राहिले.

"मग फाटक कोणी लावलं, ते लिहिलंय का?" त्यांनी विचारलं.

"नाही," दादा म्हणाला. "ते कोणाला माहीत नाही."

"मला माहीत आहे ना. मला कोणी विचारलंच नाही."

पायरीने एकदम वडिलांकडे पाहिलं. मला वाटतं तिनेही विचारलं नव्हतं. तिने फक्त त्यांच्यावर विश्वास ठेवला होता.

"मी उघडंच ठेवलं होतं," चौकीदार म्हणाले. "दोन दारांचं फाटक. त्यातलं एक दार दोन वर्षं गंजून जाम झालेलं, उघडायचंच नाही. दर महिन्याला वर कळवायचो. एवढी माणसं अर्ध्या फाटकातून कशी मावणार? मागून बघणाऱ्याला ते बंदच दिसणार. मी खेचत होतो. हाताची सालं गेली, पण दार हललं नाही."

दादाने चष्म्याची पावती लिहायची वही काढली आणि सगळं लिहून घेतलं, त्यांच्याच शब्दांत, सावकाश. हे ज्ञानकोशात चालणार नाही, कुठेच छापून आलेलं नाही, हे त्याच्याइतकं कोणाला माहीत असणार? तरी लिहिलं. मग पेन हातात धरून तो थांबला. पंधरा वर्षांत त्या लेखात, चर्चेत, कात्रणात, सगळीकडे नुसतं 'चौकीदार' होतं.

"काका," तो म्हणाला, "तुमचं नाव काय?"

त्यांनी सांगितलं. दादाला ते पहिल्यांदा नीट लिहिता आलं नाही, तेव्हा त्यांनी वही मागून घेतली आणि आपल्या हाताने लिहून दिलं.