ओट्याखालचा हौद

माझे वडील पाथरवट होते. आमच्या गल्लीच्या तोंडाशी निजामशाहीतला एक दगडी हौद होता. खापरी नळाने त्यात कधीकाळी पाणी येत असे. पाणी आटल्यावरही वडील दर दिवाळीआधी तो झाडून काढीत आणि काठाच्या सांध्यांत चुना भरीत. ते वारले, त्याच सुतकात समोरच्या भांड्यांच्या दुकानदाराने हौद बुजवून त्यावर आपला ओटा बांधला. क्रियेला बसलेला मुलगा भांडायला घराबाहेर पडणार नाही, हे त्याने नीट हेरले होते. मी आत बसून पहारीचे घाव ऐकत राहिलो.

सुतक फिटल्यावर विचारायला गेलो, तर तराजू पुशीत तो म्हणाला, "कोरडा खड्डा हुता, मास्तर. तुमच्या वडलांनी झाडून ठेवलावता, म्हणून भरायला सोपा गेला."

मी घरी परतलो. चित्रकला शिकवणाऱ्याच्या हाती रंग आणि अक्षर, एवढेच असते.

पुढे विद्यार्थ्यांसाठी म्हणून मी जुन्या नगराची एक फेरी आखली. तिला वाटाड्या लागत नसे. माळीवाडा वेशीपासून निघावे, भिंतींवरचे गेरूचे बाण पाहत चालावे आणि थांब्याथांब्यावर पत्र्याची पाटी वाचावी. मशिदीची दगडी जाळी, एक कोरीव चौकट, खापरी नळाच्या पाण्याचा दाब राखणारा, आता बुजलेला मनोरा. पुण्याकडचे पाहुणेही ती फेरी करू लागले. पण ही सारी वाट मी शेवटच्या पाटीसाठी आखली होती. ती दुकानासमोरच्या दिव्याच्या खांबावर होती. खांब नगरपालिकेचा, त्यामुळे दुकानदाराला ती काढता येईना. 'येथील हौदात खापरी नळाचे पाणी येत असे. हौद समोरच्या ओट्याखाली आहे.'

लोक वाचत आणि त्याच्या पायांकडे पाहत. गिऱ्हाइके विचारीत, "शेठ, इथं उभं राहिलं तर बुडणार न्हाई ना?" मी खिडकीतून पाहत असे. ज्या दिवशी असे घडे, त्या दिवशी मला जेवण गोड लागे.

मग दुष्काळ पडला. टँकर दिवसाआड येई. एका सकाळी गल्लीतल्या बायका हंडे घेऊन ओट्यासमोर येऊन बसल्या.

"पानी दाबून वर पितळ मांडलंय," एकजण म्हणाली.

"कोरडा हाय तो, मावशी."

"मग फोडून दाव की."

मी दारात उभा होतो. त्याने माझ्याकडे पाहिले. "मास्तर, तुमी तरी सांगा ह्यांना."

पाणी केव्हाच आटले आहे, हे एक वाक्य पुरले असते. मी म्हणालो, "पाटीवर आहे तेच मला ठाऊक."

त्याने पराती आणि घंगाळे रस्त्यावर काढली आणि स्वतःच्या हाताने ओटा फोडला. राडारोडा उपसता उपसता दुपार कलली. काठाच्या सांध्यांत वडिलांनी भरलेला चुना जसाच्या तसा होता. मला हवा होता तेवढा आनंद झाला, तसूभरही कमी नाही.

मावशींनी दोरीला बांधून हंडा खाली सोडला. तो तळाच्या दगडावर खरडला. रिकामा वर ओढून त्या माझ्याकडे वळल्या. "तुमी लिवलंवतं म्हणून बसलो, मास्तर. टँकर येऊन गेला तिकडं."

माझ्या हे ध्यानातही आले नव्हते. आमच्या रांजणात होते ते पाणी मी त्या संध्याकाळी घरोघर नेऊन दिले आणि प्रत्येकीची क्षमा मागितली. मावशींनी पाणी घेतले, पण मला बसा म्हटले नाही.

परतताना दुकानदार ढिगाऱ्यावर बसलेला दिसला. हाताला चिंधी गुंडाळलेली होती.

"साऱ्यांच्या दारी जाऊन आलात म्हनं," तो म्हणाला. "मला काही म्हनायचं न्हाई का?"

"नाही," मी म्हणालो.

त्या बायकांचे स्मरण झाले की अजूनही माझी मान खाली जाते. त्याला कोणता शब्द म्हणायला हवा, हेही मी जाणतो. तो रोज दुकान उघडताना दिसतो आणि मी खिडकी लावून घेतो.