पिल्लासमोर केलेलं भाषण

घाबरलेल्याला धीर देताना तुमचा स्वतःचा आवाज कसा होतो, तुम्ही कधी ऐकलाय का?

मी माझा ऐकला, तोही एका कुत्र्याच्या पिल्लामुळे. तेव्हा मी सातवीत होते. विद्यानगरात दोन खोल्यांत आम्ही भाड्याने राहायचो. माझे वडील, ज्यांना मी आबा म्हणते, एका सरकारी कारखान्यात फिटर होते. मराठवाड्यातून आलेल्या आमच्या घरात बुद्धाची एक लहान मूर्ती होती आणि बाकी सगळीकडे पत्रकांचे गठ्ठे. सरकारी कारखाने विकायला काढायचे ते दिवस. आबांची युनियन दर पंधरा दिवसांनी नवं पत्रक काढायची. शाळा तेलुगूची, गल्ली दक्खनी हिंदीची. मराठी वाचायला मी पत्रकांवरच शिकले. त्यामुळे बरीच वर्षं मला वाटायचं, मराठीत प्रत्येक वाक्याच्या शेवटी उद्गारचिन्हच असतं.

पत्रकं गौलीगुड्याच्या एका छापखान्यात छापली जायची. एका शनिवारी आबांबरोबर गठ्ठा आणायला गेले, तर कागद कापायच्या मशीनखाली, कातरलेल्या पट्ट्यांच्या ढिगात, मातकट रंगाचं एक पिल्लू.

"इसकी माँ चार दिन से नई दिखी," छापखान्याचे मालक म्हणाले. "ले जाते तो ले जाओ जी. नई तो किसी दिन मशीन में आ जाता."

आबा काही बोलायच्या आत मी ते उचललं. बसमध्ये दोन्ही हातांनी छातीशी घट्ट धरलं आणि तेव्हाच कळलं, त्याचं काळीज नुसतं धावतंय. घरी आल्यावर आबांचं घड्याळ समोर ठेवून मी ठोके मोजायला बसले. माझे मोजले, त्याचे मोजले. त्याचे माझ्या दुपटीच्याही पुढे गेले आणि मग मोजताच येईनात.

"हे जगत नाही गं," माझी आई, माय, त्याच्याकडे बघून म्हणाली. "आणि मेलं तर तू आठ दिवस जेवणार नाहीस. उद्या संध्याकाळपर्यंत निवलं तर राहील. नाहीतर जिथून आणलं तिथं."

जिथून आणलं तिथं म्हणजे मशीनच्या पात्याखाली. मला ते पातं दिसत होतं.

मग मी तेच केलं, जे आमच्या घरात घाबरलेल्या माणसासाठी केलं जायचं. पिल्लाला स्टुलावर बसवलं, समोर उभी राहिले आणि ताजं पत्रक मोठ्यानं वाचायला लागले. "बंधूंनो, भीती ही गुलामीची पहिली पायरी आहे! उठा!" प्रत्येक उद्गारचिन्हाला हात वर. पिल्लू थरथरलं. मला वाटलं, आवाज कमी पडतोय. मी वाढवला. तिसऱ्या परिच्छेदाला त्यानं स्टुलावर मुतून टाकलं.

"सभा उधळली," आबा आतून म्हणाले.

त्याच्या छातीवर हात ठेवला. ठोके आधीपेक्षा जोरात. मी रडायला लागले, तसे आबा उठले. रविवारी सकाळी मला आणि पिल्लाला सायकलवर घेऊन ते गुरांच्या एका म्हाताऱ्या डॉक्टरकडे गेले. आबांकडून सगळी हकिकत ऐकत त्यांनी पिल्लाला टेबलावर नाही, स्वतःच्या मांडीवर घेतलं. ओठ वर करून हिरड्या पाहिल्या. नळी लावली. बराच वेळ ऐकत राहिले.

"दिल एकदम अच्छा है," शेवटी म्हणाले.

"पण किती पळतंय!"

"पिल्ले का दिल ऐसाइच भागता, अम्मा. छोटा जीव है. तुम्हारे दिल से काहे को मिलाते? सोया तब गिने क्या?"

"नाही."

"फिर? तुम कसके पकडते, ऊपर से चिल्लाते. वो डरता, दिल और भागता. तुम बोलते, बीमार है. फिर पकडते." त्यांनी आबांकडे पाहिलं. "हिरड्या गुलाबी आहेत, खातंय, बसल्या जागी धापा टाकत नाही," एवढं त्यांना मराठीत येत होतं. हिरड्या पांढऱ्या पडल्या, खाणं सुटलं, तर लगेच आणा, असंही सांगितलं. मग मला म्हणाले, "नीचे छोडो. बाजू में बैठो. अपना काम करो. वो खुद आताइच."

अपना काम म्हणजे गठ्ठा आला की आमच्या घरी रविवारी दुपारी एकच असे: पत्रकांच्या घड्या. जमिनीवर चादर, मध्ये गठ्ठा, आम्ही तिघं भोवती. कागद उचलायचा, दुमडायचा, घडीवर नख ओढायचं, बाजूला ठेवायचा. आबिड्सच्या पोस्टात सोमवारी टाकायची असत. या कामात आमच्याकडे कुणी बोलत नसे. बोललं की घडी वाकडी येते, असं आबांचं म्हणणं.

पिल्लाला दाराजवळ सोडलं. ते कोपऱ्यात जाऊन भिंतीला चिकटलं. मी बघायचं नाही असं ठरवलं आणि दर दोन घड्यांनी बघत राहिले. सरसर, सरसर, कागदाचा आवाज. ऊन चादरीवरून सरकलं. अर्धा गठ्ठा संपला असेल, तेव्हा पिल्लाचे कान हलले. मग पोटावर सरपटत ते निघालं. माझ्याकडे नाही, कागदांकडे. घडी घातलेल्या पत्रकांच्या ढिगात नाक खुपसलं, दोनदा गोल फिरलं आणि आडवं झालं.

मला तेव्हा कुठे समजलं. ते कागदाच्या पट्ट्यांत वाढलं होतं. हा वास, हा आवाज त्याचा ओळखीचा होता. धीर देणारी गोष्ट घरात होतीच. मी तिच्यावर छापलेलं वाचून दाखवत होते.

"पत्रकानं झोप येते, हे मला लग्नापासून माहिताय," माय म्हणाली आणि आबांनी घडी घालता घालता तोंड फिरवून हसू लपवलं.

ते गाढ झोपल्यावर मी बोटांची टोकं त्याच्या फासळ्यांवर अलगद ठेवली. काळीज अजूनही माझ्यापेक्षा वेगानंच चालत होतं, पण आता ते पळत नव्हतं. आपल्या चालीनं चाललं होतं. मी मायकडे पाहिलं.  तिनं पिल्लाखालची पत्रकं तशीच राहू दिली आणि उरलेला गठ्ठा दुसऱ्या बाजूला ओढला. त्या सोमवारी बरीचशी पत्रकं चुरगळलेली गेली आणि पिल्लू राहिलं.

पुढे कारखान्याच्या फाटकावर, कारखाना विकायच्या आधी, एक मोठे साहेब मायक्रोफोनवरून कामगारांना सांगत होते, "घाबरू नका!" गर्दीत आबांचा हात धरून मी उभी होते. तो आवाज मला ताबडतोब ओळखू आला; स्टुलासमोरचा माझाच होता. पत्रकं मी आजही लिहिते, भांडायचं तिथं मोठ्यानंच भांडते. पण तो आवाज कुठे चालतो आणि कुठे नाही, हे मला एका पिल्लानं शिकवलं.

म्हणून तुम्हाला एकच सांगणं. घरात पिल्लू आणाल आणि त्याचं काळीज धावताना हाताला लागेल, तेव्हा त्याला आवळू नका, समजावू नका. जमिनीवर सोडा. जवळ बसून हातातलं एखादं शांत काम करा, शेंगा सोला, कपड्यांच्या घड्या घाला. येऊ द्या त्याला. आणि ठोके मोजायचेच असतील, तर ते झोपल्यावर मोजा.