चंपाषष्ठीचा रोडगा

"आई, हलू नको! ते कुत्रं न्हाय, लांडगा हाय!" मुलगा मागून ओरडला तेव्हा माझी सहा वर्षांची नात सई त्या लांडग्यापुढे हात लांब करून उभी होती. हातात बाजरीचा रोडगा होता. तो मीच दिला होता.

चंपाषष्ठीला आमच्याकडे खंडोबाला वांग्याचं भरीत आणि रोडग्याचा नैवेद्य असतो. पहिला घास कुत्र्याला, कारण कुत्रं देवाचं. त्याने खाल्ल्याशिवाय घरात कोणी ताटाला हात लावत नाही. बारामतीत कुत्र्यांना तोटा नाही. पण यंदा मुलाने सुट्टी बघून आम्हाला कळसच्या माळालगत, ओळखीच्यांच्या शेतात तंबू ठोकून राहायला नेलं. हरणं बघायची म्हणे. घरचा पलंग सोडून कापडाच्या पिशवीत झोपायचं, याला हल्ली मौज म्हणतात. देव मी फडक्यात बांधून बरोबर घेतले. खरं सांगायचं तर त्या वर्षी मी खंडोबाशी बोलत नव्हते. गुडघ्यांसाठी इतकी गाऱ्हाणी घातली, त्याने काही ऐकलं नाही. कुळधर्म चुकवायचा नाही म्हणून करायचा, एवढंच.

नैवेद्य दाखवून झाला आणि कुत्रं कुठेच नाही. ऊन उतरायला लागलं. मुलगा भुकेने कावला. म्हणाला, "आई, मोबाईलवर कुत्र्याचा फोटू दावतो. त्यालाच घाल घास."

"त्यापेक्षा तूच ये की चार पायांवर," मी म्हणाले.

तेवढ्यात गवतात कान दिसले. लांब तंगड्या, पोट आत गेलेलं. मला वाटलं, मेंढरांमागचं कुत्रं असेल, मालकाने उपाशी ठेवलेलं. शेपूट हलवत नव्हतं, त्याचा मला रागच आला. मला वाकता येत नाही म्हणून सईला पुढे केलं, आणि मागून ती आरोळी आली.

धावायचं तर गुडघे नाहीत. ओरडायचं तर जीभ उचलेना. मुलगा दगड शोधत होता. ज्या माळावर दगडांशिवाय काही नाही, तिथे त्याला एक दगड सापडेना. मी मनात म्हणाले, 'देवा, कुत्रं तुझं असो नसो, पोर माझी हाय. गुडघे ऱ्हाऊ देत. हिला सोडव, दुसरं काय मागत न्हाय.' हात जोडायलाही मोकळे नव्हते, हातात भरताचं ताट होतं. सगळं त्याच्यावर टाकलं आणि तशीच उभी राहिले.

सईला काहीच कळलं नव्हतं. ती लांडग्याला दटावत होती, "आधी शेपूट हलव, मग देते." तो तिच्याकडे बघत राहिला. तसे पिवळे डोळे मी कुत्र्याला कधी बघितले नाहीत. शेवटी तिचा हात दमला आणि रोडगा खाली पडला. ती एक पाऊल मागे सरली. लांडग्याने मान खाली घालून रोडगा हुंगला, तोंडात धरला आणि गवतात निघून गेला. भरताकडे बघितलंही नाही. भरीत सुनेने केलं होतं.

सुनेने सईला उचललं, "आत्या, तुमास्नी कुत्रं कळंना व्हय?" म्हणून मला बोलली, आणि मग रडली. मुलगा म्हणाला, "उपाशी व्हता म्हणून नेला. यात देवाचं काय? लांडगा माणसाच्या वाटंला जात न्हाय."

"मग तुझं हात का कापत्यात?" मी विचारलं. त्याने हात खिशात घातले. मीही वाद वाढवला नाही. त्याचं खरंही असेल.

पण तेव्हापासून मी खंडोबाशी बोलते. गुडघ्यांचं काढत नाही, ते दुखतात तसेच. इतकी वर्षं देवाकडे किती काय काय मागत आले. वेळ आली तेव्हा एकच मागणं तोंडात राहिलं, आणि ते मागून झाल्यावर माझ्या हातात करण्यासारखं काही नव्हतं. आपली सत्ता इतकीच, हे त्याने मला उभ्या जागी दाखवलं. त्याचे उपकार आहेत.

सई वाचली, मी वाचले, आणि लांडगाही वाचला.