सरूबाईचा जीवखडा

सरूबाई तळेघरला माझ्या शेजारी राहते. भात-नाचणीची शेती, नवरा लवकर गेलेला, एकुलता एक मुलगा सूरज. तो मंचरला गॅरेजात कामाला होता. मित्रांबरोबर कोकणात समुद्रावर गेला आणि खडकावरून पाय घसरून लाटेत पडला. देह सापडला नाही.

देह नसला की गवताचा पुतळा करून जाळतात. त्या वेळी घेतलेला दगड म्हणजे जीवखडा. गेलेल्याचा जीव दहाव्यापर्यंत त्यात राहतो, मग दगड पाण्यात सोडला की माणूस सुटतो, असं आम्ही मानतो. सरूबाईने तो दगड सूरज पडला तिथूनच उचलून आणला होता.

दहाव्याला ओढ्यावर तिने दगड धुतला. वाळू निघाली तशी आत शंखाची वळी दिसू लागली. दगडातच रुतलेली, कोणी अंग मुडपून झोपावं तशी. सरूबाईने मूठ मिटली.

“सोड की वहिनी,” तिचा दीर भिमाजी म्हणाला. “पोरगं अडकून ऱ्हाईल.”

“ह्यात हाय त्यो. एकदा बुडला तेवढं बास झालं.”

दगड तिने घरी नेऊन भिंतीतल्या देवळीत ठेवला. पावसाळ्यात आमच्याकडे धुकं दारातून आत येतं. तेव्हा तो दगड घामेजायचा. “रडतंय,” म्हणत ती पदराने पुसायची. ताटातला पहिला घास त्याच्यापुढे ठेवायची. डोंगरातल्या त्या घरात मला समुद्राचा वास यायचा. तसं मी कुणाला बोललो नाही.

मग भिमाजीची लेक हर्षाली कॉलेजातून सुट्टीला आली. तिने दगड उजेडात धरला.

“मोठे आई, ही समुद्रातली गोगलगाय हाय. लई जुनी, हजारो वर्षांची असंल. वाळूत गाडली न् दगड झाली.”

सरूबाईने दगड परत घेतला आणि शंखावरून बोट फिरवलं.

“म्हंजी ह्यात आदीच कुणी व्हतं?”

“व्हय.”

“मग माझ्या सूरजला जागा कुठं व्हती?”

दुसऱ्या दिवशी तिने दगड ओढ्यात सोडला. भिमाजी हात जोडून म्हणाला, “सुटला एकदाचा.”

“कोण?” सरूबाईने विचारलं.



देवळी आता रिकामी आहे. यंदा धुकं आलं तेव्हा तिथली माती पुन्हा ओली झाली. सरूबाई पदराने ती पुसते, घासही तिथेच ठेवते. ती पाण्याला गेलेली असताना मी देवळीत बोट लावून जिभेवर ठेवलं. खारट लागलं.