एकशे अठरा टक्के

नायजेरियात सोकोतोकडच्या कुर्मावा गावात शंभर मुलांमागे एकशे अठरा मुलांना गोवराची लस टोचून झाली होती. कागदावर. दवाखान्याचे प्रमुख शेहू, ज्यांना सगळे आदराने 'मालम' म्हणत, यांनी तो आकडा फलकावर रंगवून दारातच लावला होता.

एकोणीस वर्षं दवाखान्याची नोंदवही सांभाळणाऱ्या लारैला तो फलक बघून रोज दाताखाली खडा आल्यासारखं व्हायचं.

"मालम, ही वरची अठरा पोरं कुणाची?"

"अल्लाची देणगी. मोजू नकोस, दृष्ट लागेल."

पण लारै ऐकणाऱ्यांतली नव्हती. आळी धरायची, दर चौथं घर गाठायचं आणि वर्ष-दोन वर्षांचं पोर असेल तर त्याचं लसीचं कार्ड बघायचं. कुणी ते छपरातून काढलं, कुणी बाजरीच्या कणगीतून. एका म्हातारीने स्वतःचीच बाही वर केली.

"टोचलंय की. हा बघ वण."

"आजी, तुमचं वय?"

"दोन वर्षांहून थोडं जास्त."

गुरुवारच्या बाजारात खरा घोळ कळला. ओढ्यापलीकडच्या सात गावांच्या बाया कांदे विकायला यायच्या आणि जाता जाता पोरांना टोचून न्यायच्या. नोंद मात्र कुर्माव्याच्या नावावर. उलट दवाखान्यामागच्याच आळीत निम्मी पोरं कोरी. दवाखाना काय, हाकेवर आहे, कधीही जाऊ!

त्या आळीतलं चौथं घर नेमकं लारैचं निघालं. सून हिंदातु अंगणात बाजरी कांडत होती.

"उमारूचं कार्ड दाखव."

"माझ्याकडे कुठलं? आई, तुम्ही रोज दवाखान्यात जाता. मला वाटलं, तुम्हीच टोचून आणलंत."

"मला वाटलं, तू नेलंस."

दोघी नातवाकडे बघत राहिल्या. तो शांतपणे शेंगदाण्याची कडक कुली-कुली चघळत होता. लारैने खाली बसून कागदावर 'नाही' लिहिलं.

"घरचं चव्हाट्यावर कशाला नेता?" हिंदातु पुटपुटली.

"शेजारणीचं लिहिलं तेव्हा तूच हसलीस ना?"

सगळी बेरीज एकसष्ट टक्क्यांवर आली. शेहूंनी कागद दोनदा वाचला.

"बाई, एका आठवड्यात माझे सत्तावन्न टक्के खाल्लेस तू."

"खाल्ले नाहीत. ज्या गावांचे होते त्यांना परत दिले."

मालम दोन दिवस तिच्याशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी सकाळी लसींची थंड पेटी खांद्याला अडकवून स्वतःच तिच्यापुढे उभे राहिले.

"कुठल्या घरापासून सुरुवात?"

"माझ्या," लारै खाली बघत म्हणाली.

उमारूने सुईआधीच मालमांच्या अंगठ्याचा चावा घेतला. संध्याकाळपर्यंत मागच्या आळीत त्रेचाळीस पोरांना टोचून झालं. सात जण आजोळी गेले होते. शेहू म्हणाले, पन्नासच धरू या. लारैने त्रेचाळीस लिहिले आणि त्या सातांची नावं वेगळी मांडली.