आलेवहिनी

गल्लीचं त्यांच्याकडे पहिल्यांदा लक्ष गेलं ते कोपऱ्यावरच्या दुकानात. दुकानदार साबण बांधून देत होता, तेवढ्यात समोरच्या घरातून घंटी वाजली आणि "आले, आई, आले!" म्हणत वहिनी साबण तिथेच टाकून धावल्या. घंटी होती अंथरुणाला खिळलेल्या सासूबाईंची. तेव्हापासून त्या आलेवहिनी. "नुसतं आलेच का वहिनी? सुंठ कधी?" दुकानदार विचारायचा. त्याही हसायच्या.

अकरा वर्षांनी सासूबाई गेल्या आणि घर मुकं झालं. सासूबाई आजारी पडण्यापूर्वी वहिनी टेलिफोन ऑपरेटर होत्या. लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या एका कंपनीत तक्रारी घ्यायला बाई हवी होती, तिथे त्या गेल्या.

"मधली वर्षं काय करत होता?" साहेबांनी विचारलं.

"घरीच होते." परतताना त्यांना स्वतःच्याच उत्तराचा राग आला.

महिनाभर बघू, असं ठरलं. नवरा प्रेमानंच म्हणाला, "नाही जमलं तर घर आहेच की!" ते 'आहेच की' त्यांना रात्रभर टोचत राहिलं.

पहिल्याच आठवड्यात घोळ झाला. फोन खणखणला, आणि कंपनीचं नाव सांगायचं सोडून वहिनींच्या तोंडून गेलं, "आले, आई, आले!" ऑफिस खो खो हसलं. पलीकडे बंद लिफ्टमध्ये अडकलेली एक म्हातारी होती. ती रडवेल्या आवाजात म्हणाली, "लवकर ये गं बाई, फार अंधार आहे."

मेकॅनिकला पिटाळलं, पण वहिनींना फोन ठेववेना.

"खाली बसा बघू. पिशवीत काय आहे?"

"मटार."

"मग सोलायला घ्या. त्याला उजेड कशाला हवा?"

मेकॅनिक परतला तोवर साहेब तापले होते. "तुम्ही कुठे जाणार होता, बाई? गिऱ्हाइकाला थापा कशाला?"

"थाप नव्हती. सवय आहे," वहिनी म्हणाल्या. "मधली वर्षं हेच तर करत होते."

"साहेब," मेकॅनिक मध्येच म्हणाला, "दार उघडलं की मी रोज शिव्या खातो. आज मटार खाल्ले. आजी विचारत होत्या, ती येते म्हणालेली कुठंय?"

साहेबांनी हसू लपवायला कागद वर धरला. महिना संपला, पण 'बघू'चा विषय कुणी काढलाच नाही.

वहिनी आता फोन उचलून कंपनीचं नाव नीट सांगतात. पलीकडचं माणूस घाबरलेलं वाटलं, तर आधी "आले हं" म्हणतात.